राजस्थानचे राज्यप्राणी, राज्यपक्षी, राज्यवृक्ष आणि राज्यफूल: सारखे विचारले जाणारे प्रश्न

राजस्थान फिरून आलेले, फिरायला निघालेले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे जाणारे, सगळ्यांकडून मला तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे फक्त नंबर दिलाय.

1. राजस्थानची राज्यचिन्हं कुठली, एका दमात सांगा ना?

राज्यपक्षी गोडावण म्हणजे आपला माळढोक, राज्यप्राणी चिंकारा आणि उंट, राज्यवृक्ष खेजडी म्हणजे आपली शमी, आणि राज्यफूल रोहिडा. गोडावण आणि चिंकारा 1981 ला जाहीर झाले, खेजडी आणि रोहिडा 1983 ला, उंट बराच नंतर 2014 ला. परीक्षेपुरतं एवढं पाठ केलं तरी चालेल. मोर आणि वाघ बरेच जण मध्ये घुसवतात. मोर राष्ट्रीय पक्षी आहे आणि वाघ राष्ट्रीय प्राणी, राजस्थानात दोन्ही भरपूर प्रसिद्ध असले तरी राज्याच्या यादीत ते नाहीत. जैसलमेरला गोडावण, भरतपूरला सारस, जोधपूरला कुरजा म्हणजे कांड्या करकोचा असे जिल्ह्याजिल्ह्याचे वन्यजीव पण राजस्थानने ठरवलेत, ती यादी वेगळी, तिची सरमिसळ करू नका.

2. राज्यप्राणी दोन कसे काय? एक काढून दुसरा आणला का?

काढला नाही कोणालाच. चिंकारा वन्यप्राणी म्हणून आहे आणि उंट पाळीव पशू म्हणून, असे दोन वर्ग केलेत. जून 2014 मध्ये बिकानेरला मंत्रिमंडळाची बैठक झाली त्यात उंटाचा निर्णय झाला, कारण तोपर्यंत उंटांची संख्या भराभर खाली यायला लागली होती. त्यामुळे प्रश्नपत्रिकेत नुसतं "राज्यप्राणी" असेल आणि पर्यायात दोन्ही असतील तर "वन्य" की "पशुधन" हा शब्द शोधा.

3. राज्यचिन्ह झालं म्हणजे त्या प्राण्याला किंवा झाडाला आपोआप संरक्षण मिळतं का?

हा गैरसमज फार पसरलाय आणि तो जावा असं मला मनापासून वाटतं. राज्यचिन्ह हा फक्त मान आहे, कायदा वेगळा असतो. माळढोक आणि चिंकाऱ्याला संरक्षण मिळतं ते वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मुळे, ते राज्यचिन्ह नसते तरी मिळालंच असतं. उंट पाळीव असल्यामुळे तो कायदा त्याला लागू नाही, म्हणून 2015 ला राजस्थानने वेगळा कायदा केला (प्रश्न 15). सगळ्यात कच्ची बाजू झाडांची. शेतातली खेजडी तोडली तर महसुली कायद्याखाली दंड आहे पण तो इतका किरकोळ की मोठ्या कंपनीला त्याचं काहीच वाटत नाही, आणि म्हणूनच झाडं आणि प्राणी जपणं हा ज्यांच्या पंथाचा नियमच आहे ते बिष्णोई लोक कडक कायद्यासाठी रस्त्यावर उतरतायत (प्रश्न 11).

4. गोडावण आणि माळढोक एकच ना? मग राजस्थाननेच तो का निवडला, आपल्याकडे पण होता की!

एकच. आणि हो, आपल्याकडे नुसता होता असं नाही, सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालंय, म्हणजे राजस्थानने राज्यपक्षी करायच्या आधी. पण गवताळ माळ नांगरले गेले, उसाखाली गेले, अभयारण्याचं मूळचं जवळजवळ साडेआठ हजार चौरस किमीचं क्षेत्र पुढे 1,222 वर आणावं लागलं कारण त्यात गावंच्या गावं आणि लोकांची शेतं होती. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. राजस्थानात थरच्या वाळवंटात माणसं विरळ आणि गवताळ ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राई-कुरणं टिकली, म्हणून पक्षी पण टिकला. 1980 ला जयपूरला माळढोक कुळातल्या पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला, पुढच्याच वर्षी तो राज्यपक्षी झाला. सलीम अलींना तर तो देशाचाच राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं, पण 1963 ला मान मोराला गेला.

5. एवढा मोठा पक्षी, उडतोही, मग विजेच्या तारांवर आपटतो कसा? दिसत नाही का त्याला?

खरंच नीट दिसत नाही. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मागून बाजूने येणारा कोल्हा त्याला लगेच कळतो पण नाकासमोरचा पट्टा अगदी अरुंद दिसतो, आणि उडताना नजर बरेचदा खाली जमिनीवर असते. त्यात नर 15 किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक, तार अगदी जवळ आल्यावर दिसली तरी एवढं अंग वळवायचं कसं. जैसलमेरच्या उघड्या आभाळात सोलर आणि पवनचक्क्यांची वीज वाहून नेणाऱ्या तारांचं जाळं आता एवढं झालंय की आधीच 150 च्या आत आलेल्या या पक्ष्याला एकेक मृत्यू महाग पडतो. मादी साधारण एका हंगामात एकच अंडं घालते, तेही उघड्यावर जमिनीवर, त्यामुळे गेलेला पक्षी भरून निघायला वर्षं लागतात.

सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2021 मध्ये माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखालून न्या असा आदेश दिला होता, मार्च 2024 मध्ये कोर्टाने सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली कारण सौरऊर्जा पण हवीच आहे. मला दोन्ही बाजू समजतात, पण पवन आणि सोलर प्रकल्प थोडे सरकवता येतात, माळढोकाला सरकायला दुसरीकडे जागा उरलेली नाही.

6. पिंजऱ्यात पिल्लं वाढवतायत म्हणे, त्याने काही होणारे का?

होतंय, आणि या सगळ्यात आशेची बातमी असेल तर हीच. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे केंद्रं आहेत, 2019 पासून रानातली अंडी काळजीपूर्वक उचलून आणून उबवली जातात, भारतीय वन्यजीव संस्था आणि राजस्थान वनखातं मिळून हे करतात आणि अबुधाबीच्या तज्ज्ञांची मदत आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तर कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, रामदेवऱ्याच्या नराचं वीर्य सुमारे 200 किमी लांबच्या मादीपर्यंत वेळेत पोचवून. पण वाढवलेले पक्षी सोडायचे कुठे हा पुढचा प्रश्न आहेच आणि त्याचं उत्तर परत प्रश्न 5 मध्ये आहे.

7. चिंकारा आणि काळवीट यात आमचा नेहमी गोंधळ होतो. तो गाजलेला शिकारीचा खटला कुठल्या प्राण्याचा?

1998 च्या त्या शिकारीत दोन्ही प्राण्यांचे वेगवेगळे खटले होते म्हणून गोंधळ होतो. जोधपूरजवळच्या कांकाणी गावचं जे प्रकरण सगळ्यांना माहितीय ते काळवीटाचं. ओळखायला सोपं आहे: काळवीटाचा मोठा नर वरून काळा खाली पांढरा, शिंगं पिळदार. चिंकारा मात्र नर असो मादी असो, वाळूच्या तांबूस रंगाचा, अंगाने लहान, वजन 20-25 किलोच्या घरात, डोळ्यापासून नाकपुडीकडे गडद रेघ. शिंगं नराची वळ्या-वळ्यांची आणि मादीला पण असतात, फक्त बारीक आणि सरळ. शेपूट छोटी काळी आणि सतत हलती, लांबून कळप चरताना आधी ती शेपूटच दिसते. घाबरला की शिंकल्यासारखा आवाज काढतो. पाण्यावाचून तो बराच काळ राहू शकतो, पानांतून आणि दवातून मिळणाऱ्या ओलाव्यावर भागवतो.

बिष्णोई गावांत चिंकारा आणि काळवीट अगदी घराजवळ चरताना दिसतात, बंदुकीची भीती तिथे कमी. आता जास्त त्रास मोकाट कुत्र्यांचा आणि शेताभोवतीच्या काटेरी तारेचा, पळताना त्यात अडकून चिंकारे चिरले जातात. तुमच्या गाडीसमोर असा जखमी प्राणी आला तर स्वतः उचलून गाडीत घालू नका, भीतीनेच मरतो तो. वनखात्याला किंवा जवळच्या गावात कळवा, बिष्णोई गाव असेल तर मदत फार लवकर येते.

8. चिंकारा बघायला राजस्थानलाच जायला हवं का?

अजिबात नाही. पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य खास चिंकाऱ्यासाठी आहे, पाच चौरस किमीच्या जरा वर, इवलंसं, पण सकाळी लवकर गेलात तर दिसण्याची शक्यता चांगली. गाडी हळू, आवाज बंद, आणि पायवाट सोडून पाठलाग करू नका.

9. खेजडी म्हणजेच शमी? मग नर्सरीतून आणलेली आमची शमी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली का?

खेजडी म्हणजे शमी हे बरोबर, मराठीत तिला सौंदड पण म्हणतात, शेखावाटीत जांटी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ती शमी, दसऱ्याला आपण पूजतो ती, गणपतीला वाहतो ती. तेलंगणाचा राज्यवृक्ष पण हाच, आणि संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष पण हाच, तिथे त्याला घाफ म्हणतात.

पण नर्सरीतल्या रोपाबद्दल जरा थांबा. शमी म्हणून जे विकतात त्यात बरेचदा दुसरंच काटेरी झुडूप असतं. फूल येईपर्यंत धीर धरा: अर्धं गुलाबी अर्धं पिवळं असं दुरंगी लोंबतं फूल आलं तर ती शमी नाही, खऱ्या शमीला फिकट पिवळ्या बारीक मंजिऱ्या येतात, मारवाडीत त्यांना मींझर म्हणतात. आणि खरी असली तरी कुंडीत तिचं हित नाही, या झाडाचं मूळ पाण्याच्या शोधात तीस-तीस मीटर खाली जातं.

10. राजस्थानात हायवेला जिकडे बघावं तिकडे काटेरी हिरवी झुडपं दिसतात, तीच खेजडी का?

बहुतेक वेळा नाही, ती विलायती बबूल, आपली वेडी बाभूळ. खेजडीची लांबची बहीणच आहे पण स्वभाव अगदी उलटा. ती परदेशातून आणली, जोधपूर संस्थानाने तर 1940 मध्ये तिला शाही झाडाचा मान दिला होता, वाळू थांबवायला आणि जळणाला उपयोगी म्हणून, आणि मग ती सगळीकडे पसरली आणि तिच्याखाली दुसरं काही वाढेना. खेजडी शेताच्या मध्ये एकेकटी उभी असते, खोड खडबडीत, फांद्या थंडीत छाटल्यामुळे डोक्यावर पुंजका झालेला. आणि तिच्याखाली बाजरी चांगली येते, हे शेतकरी तुम्हाला हात धरून दाखवेल, कारण ती जमिनीत नत्र धरून ठेवते आणि सावली विरळ असते.

11. खेजडी झाडासाठी खरंच माणसांनी जीव दिला होता का? आणि आता परत आंदोलनं कशाला?

खरंच दिला. 1730 मध्ये जोधपूरचे महाराजा अभयसिंग यांच्या महालाच्या कामासाठी चुना भाजायला लाकूड हवं होतं, माणसं खेजडली गावात झाडं तोडायला आली. अमृतादेवी बिष्णोई झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या, "सिर साटे रूंख रहे तो भी सस्तो जाण", डोकं देऊन झाड वाचत असेल तरी सौदा स्वस्तच. त्यांच्यामागे त्यांच्या मुली आणि मग आसपासच्या गावांतली माणसं, एकूण 363 जण मारले गेले. बिष्णोई पंथ सुरू करणाऱ्या जांभोजींनी 1485 मध्ये घालून दिलेल्या 29 नियमांत हिरवं झाड न तोडणं आहे, तो नियम या लोकांनी शब्दशः पाळला. 11 सप्टेंबर हा वन शहीद दिन त्यांच्याच आठवणीत असतो.

आजची आंदोलनं बिकानेर, फलोदी, जैसलमेर भागात सोलर पार्कसाठी शेतंच्या शेतं सपाट करताना खेजड्या तोडल्या जातात म्हणून आहेत. सोलर पॅनेलला सावली नको असते, त्यामुळे झाड मध्ये ठेवून काम करत नाहीत. त्याशिवाय खालावलेलं भूजल, मुळं पोखरणारा किडा आणि बुरशी यानेही जुनी झाडं उभ्या उभ्या वाळतायत. एक खेजडी मोठी व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, "दहा रोपं लावतो" हे त्याला उत्तर होऊ शकत नाही असं मला स्पष्ट वाटतं.

12. जोधपूरहून सांगरी आणलीय, बदामाच्या भावाने मिळाली, आता करायची कशी?

सांगरी म्हणजे खेजडीची कोवळी शेंग, एप्रिल-मे मध्ये तोडून उकडून वाळवतात, म्हणून ती काळपट तपकिरी बारीक दोऱ्यांसारखी दिसते. झाडावरच पिकून वाळली की ती खोखा होते, पोरं ती गोड म्हणून चघळतात. पानं म्हणजे लूंग, ती शेळ्या-उंटांची. महाग का, तर काटेरी झाडावर चढून हाताने तोडायची आणि झाडंही कमी होतायत.

रात्रभर भिजत घाला, सकाळी दोन-तीनदा चोळून धुवा कारण बारीक वाळू असतेच, मग मऊ होईपर्यंत उकडा. सोबत केर (वाळवंटातल्या एका झुडपाची बोराएवढी फळं) असतील तर ते वेगळे, ताकात किंवा मिठाच्या पाण्यात भिजवा, नाहीतर कडू लागतात. मोहरीच्या तेलात सुक्या लाल मिरच्या, जिरं, धणेपूड, आमचूर, थोडे मनुके, आणि पाणी अजिबात नाही. तेल सुटेपर्यंत परता, प्रवासात पण दोन-तीन दिवस टिकते. केर-सांगरीत कुमट (एका काटेरी झाडाच्या बिया), गुंदा (भोकर) आणि आमचूर घातलं की पंचकुटा, म्हणजे पाच जिनसांची भाजी.

13. रोहिडा म्हणजे पळस का? फोटोत सेमच वाटतो.

दोन्ही उन्हाळ्याच्या तोंडावर केशरी पेटतात म्हणून तसं वाटतं. पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं आणि पानं तीन-तीन मोठी. रोहिड्याचं फूल घंटेसारखं, पानं लांबट करडी-हिरवी, कडा लाटांसारख्या. पिवळा, केशरी, लाल, असे रंग वेगवेगळ्या झाडांवर मिळतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये बाडमेर, जैसलमेर, नागौरकडे जा. वास जवळजवळ नसतो, म्हणून मारवाडात दिसायला देखण्या पण गुण नसलेल्या माणसाला रोहिड्याच्या फुलाची उपमा देतात. मला हे पटत नाही, सगळं रान वाळलेलं असताना शिंजीर आणि बुलबुल मधासाठी या झाडावर तुटून पडतात, तो गुण कमी आहे का.

14. रोहिड्याच्या लाकडाचं नक्षीकाम केलेलं फर्निचर विकत घेऊ का?

रोहिड्याला मारवाडचा साग म्हणतात, लाकूड टणक आणि गुळगुळीत, बाडमेरच्या कोरीव कामाचं नाव त्याच्यावर आहे. पण झाड फार सावकाश वाढतं आणि याच लाकडापायी ते रानातून कमी झालंय, चोरतोडही होते. सरळ सांगते, नवीन घेऊ नका. जुन्या हवेलीचा दरवाजा किंवा वापरलेली पेटी मिळत असेल तर ठीक, आणि कारागिराला काम द्यायचंच असेल तर शिसम किंवा आंब्याच्या लाकडात करून द्यायला सांगा, हात तोच असतो.

15. उंट राज्यप्राणी झाला, कायदा झाला, तरी उंट कमी कसे झाले?

2012 च्या पशुगणनेत राजस्थानात सव्वातीन लाखांच्या आसपास उंट होते, 2019 ला 2.13 लाख. ट्रॅक्टर, पिकअप आणि रस्ते आले तेव्हाच उंटगाडीचं काम संपत आलं होतं, कालव्याने वाळवंटात शेती आली आणि कुरणं गेली, जंगलात चराईबंदी झाली. त्यावर 2015 चा कायदा आला: कत्तलीवर बंदी आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर नेण्यावर बंदी. हेतू चांगला होता हे नक्की. पण राईका लोक, ज्यांनी पिढ्यान् पिढ्या उंटांचे टोळे सांभाळले आणि जे स्वतः उंट कापायला कधीच विकत नव्हते, त्यांचं घर पुष्करच्या आणि नागौरच्या बाजारात नर पिल्लं विकून चालायचं. बाहेरचा गिऱ्हाईक घाबरून येईना, भाव पडले, आणि ज्या उंटाचे पैसे येत नाहीत तो चारायला पोरगा कशाला राहील. सरकारने पिल्लामागे 10,000 रुपये हप्त्यांनी द्यायची योजना पण आणली.

माझं मत विचाराल तर उंट वाचवायचा असेल तर आधी राईका टिकला पाहिजे, म्हणजे दुधाला बाजार, लोकरीला बाजार आणि चरायला ओरण. उंटाच्या दुधाची मानकं 2016 मध्ये आलीत, बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्रात गेलात तर तिथे दूध, कुल्फी मिळते, जरूर घ्या. आणि उंटाची सफारी करणार असाल तर नाकातली जखम, पाठीवरची सोललेली जागा बघून मगच बसा.

16. आमच्या विदर्भात रबारी लोक मेंढ्या-उंट घेऊन येतात, मग ते बेकायदेशीर आहे का? पोलिसात कळवू का?

नाही. पहिली गोष्ट, 2015 चा कायदा राजस्थानचा आहे, आणि विदर्भात येणारे बहुतेक रबारी कच्छचे, गुजरातमधले. त्यांचं हे फिरणं जुनं आहे, उंट त्यांचा संसार वाहतो, पिल्लं आणि म्हाताऱ्या आज्या सुद्धा उंटावरच असतात. जानेवारी 2022 मध्ये अमरावती जिल्ह्यात 58 उंट कत्तलीला चाललेत अशा संशयावरून अडवले गेले, मालक रबारी होते, उंट अनोळखी जागी ठेवले गेले, काही मेले, आणि शेवटी कोर्टाने उंट मालकांनाच परत दिले. तेवढ्या दिवसांत त्या कुटुंबांचं काय झालं असेल.

उंट ट्रकमध्ये कोंबून, पाय बांधून नेताना दिसले तर जरूर कळवा, तो वेगळा प्रकार. पण बाया-पोरं, मेंढ्या, खाटा, भांडी असा सगळा बिऱ्हाडासकट तांडा पायी चाललेला असेल तर आधी जाऊन बोला, कुठून आलात, पाणी हवंय का विचारा. हिंदी बऱ्यापैकी येते त्यांना, आणि बरेच जण वर्षानुवर्षं त्याच गावांत येत असल्यामुळे मराठी पण समजते.